चौदा

महाराजबागेतला वाघ डरकला
की मुळांची टोकं कापायची.
भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्यापासून हीच आमची वेळ.

लाखोळीच्या पुड्या: कुही, मौदा, भिवापूर.
एकीवर नुसतंच 'इंदिरा शहारे, तलावाच्या पाळीजवळ'.
दाणे कुऱ्हाडीच्या पात्यासारखे,
करडे, ठिपक्यांचे,
इंदिराबाईचे तर चक्क गुलाबीसर.

लाल रंगाचा थेंब. काचेवर काच.
वर टिपकागद, आणि अंगठा.
जोर जास्त झाला तर काच तडकते,
कमी पडला तर पेशी एकमेकींना सोडत नाहीत.

गुणसूत्रं मोजते. चौदा.
दुसरी पुडी, चौदा.
इंदिराबाईचीही चौदाच,
ओळीतून सुटलेल्या वेलांट्यांसारखी.

मग धानाच्या बांधीत शिंपल्यावर
एकीला निळं फूल, एकीला पांढरं,
एकीच्या डाळीत विष थोडं, एकीच्यात फार,
हे कुठं लिहिलंय?

पतिराम ट्रे उचलतो, डावा पाय ओढत.
लहानपणी दोन हिवाळे
त्यांच्या घरी दुसरं काही शिजलं नव्हतं.
"पाहता का जरा?"
तो डोळा लावतो. बराच वेळ.
"एवढ्यातच हाय का सारं?"
"यातच. पण यात दिसत नाही."

तो काही बोलत नाही.
इंदिराबाईची पुडी तळहातावर उलटी करतो,
उरलेले दाणे मोजतो. एकवीस.
"हे नका कापू, बाई,"
आणि खिडकीतल्या कुंडीत
बोटानं खड्डे करायला लागतो.