बट्टीची वाटी

देवपुरात माझी खानावळ. चौतीस डबे.
कोण किती जेवतो ते मला कळतं
परत आलेल्या डब्याच्या वजनावरून.
भाजी उरली तर मुलगा आजारी,
पोळी उरली तर प्रेमात,
वरण उरलं तर चूक माझी.

पण हे मांजर.
गोल होऊन झोपतं म्हणून मुलांनी नाव ठेवलं बट्टी.
झोपते कसली. चमचा वाजला की पायात.

भरताच्या वांग्याची जळकी सालं खाल्ली तिने.
कळण्याची भाकरी दुधात कुस्करली, खाल्ली.
गच्चीवर वाळत घातलेले बिबडे कडेकडेने कुरतडले,
शेवभाजीची तर्री चाटली, सतरा वेळा शिंकली,
आणि पुन्हा चाटली.
पोट नगारा, वर बरगड्या मोजून घ्या,
आणि तोंड उघडलं की एकच शब्द.

शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या,
"तिले भूक नही शे वं, तिले सवय शे."
मला ते वाक्य आठ दिवस पुरलं.
तिला नाही पुरलं.

मग गुरांचे डॉक्टर, बाविस्कर.
सकाळी ज्या हातांनी अडलेलं रेडकू ओढून काढलं
त्याच हातांनी तिचा जबडा उघडला.
जंताचं औषध दिलं. विचारलं, काय घालता?
मी सांगितलं. सगळं, अगदी अभिमानाने.
"पोट भरताय हो ताई तुम्ही,
पण तिला जे लागतं ते त्यात नाही."
मटण नाहीतर मासळी. नुसती उकडून. चार वेळा, थोडी थोडी.
"मीठ नको, हळद नको. कांदा-लसूण तर विष."
धुळ्यात बसून सांगतात हे!

आम्ही वाणी. आमच्या उंबऱ्याच्या आत
अंडंसुद्धा कधी आलं नाही.
दोन रात्री मी कूस बदलली,
दोन्ही रात्री ती उशाशी बसून होती,
डोळे मिटत नव्हती.

बाजारात हौसाबाई वाडिले. पुढ्यात अक्कलपाड्याच्या धरणातली चिलापी.
मी पदर नाकाला लावून म्हटलं, पाव किलो.
"किती माणसं?"
एक.
"मुंडकं ठेवू का टाकू?"
तिला विचारावं लागेल, मी म्हटलं,
आणि हौसाबाई अशी हसली की वजनकाटा हलला.

मागच्या अंगणात तीन विटा,
एक जुनं पातेलं, खिळ्याने खूण केलेलं.
काटे काढायला आला दिलवर पावरा,
धडगावचा, फौजदार व्हायचंय त्याला.
कणा असा अलगद उचलतो
जशी मी शेवग्याच्या शेंगेची शीर.
दोन वर्षं जेवतो माझ्याकडे. कधी काही मागितलं नाही.
त्याचा डबा परत येतो तो घासून.
घासलेल्या डब्यातून काही कळत नाही.

पहिल्या दिवशी ती खाऊन ओरडली.
दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही.
मी मोजत होते, ती मोजत नव्हती.
नवव्या दिवशी
ती वाटीपासून उठली, टाकीवर चढली,
आणि पंजा ओला करून कान पुसत बसली.

वाटीत नखाएवढा तुकडा.
उरलेला.
माझ्या काळजात धस्स. आजारी, नाहीतर प्रेमात.
डॉक्टरांचा नंबर शोधत होते,
दिलवर म्हणाला, "काकू, पोट भरलं तिचं."

"आणि तुझं?"

तो हातातल्या काट्यांकडे बघत राहिला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"आमच्याकडे उडदाची डाळ असते.
घट्ट असते. भाकरीवर उभी राहते."
एवढंच. मग हात धुवायला गेला.

आत चौतीस डब्यांचं वरण उकळत होतं.
मी झाकण काढून पाहिलं.
तळ दिसत होता.