कशीतरीच

पान सात, ओळ अकरा. तीन दिवस इथेच अडकले आहे.
साक्षीदार क्रमांक चार, कौतिका नेवारे,
वय बावन्न, राहणार पारडी :
"परनाली वाटी वापस करायले आली होती.
मी म्हटलं, बरं हाय ना? तं हासली.
पन कशीतरीच हासली, साहेब."

कशीतरीच म्हणजे कशी, वकिलांनी विचारलं.
बाईंनी हसून दाखवलं.
टंकलेखकानं कंसात टाकलं : साक्षीदार हसते.

हे सगळं मला इंग्रजीत न्यायचं आहे,
पानाला साठ रुपये, सोमवारपर्यंत, सिव्हिल लाइन्स.
चौथ्या दिवशीचा पंचनामा पान दोनवर होता, तो सोपा गेला.
पंचनाम्यात क्रियाविशेषणं नसतात.

शब्द तसा तयार आहे : अनईझिली.
सभ्य शब्द. क्रियापदाच्या मागून येतो
आणि परक्या घरच्या खुर्चीवर टेकावं तसा
कडेला टेकतो.
हसली अनईझिली. दाराकडे पाहिलं अनईझिली.
त्याच्या पोटात ईझी आहे, म्हणजे सुख आहे,
आधी सगळं ठीकच असतं जणू,
मग कुणीतरी पुढे 'अन' लावतं.

कोश म्हणतो, अस्वस्थपणे.
पारडीत अस्वस्थपणे कोण हसतं?
आमच्याकडे जीव लागून नाही राहत,
कसंतरी होऊन राहते,
पोटात गोळा येऊन राहते.
जे काय ते क्रियापदातच चालू असतं,
बाजूला बसायला वेगळा शब्द लागत नाही.
आणि कशीतरीच कारणही सांगत नाही.
भीती, की लाज, की अंगात ताप, की सकाळपासून उपाशी.
एवढंच, की हसू रोजच्या जागेवर नव्हतं
आणि बघणारीनं ते बघितलं,
वाटी घेतली,
दार लावून घेतलं.

दार लावल्याचं पानात नाही.
ते मी घातलं. खोडते.

कूलरमधलं पाणी संपलंय, वाळा नुसता खडखडतो.
साडेआठला उमरेडहून भाचीचा फोन.
"मजेत आहो मी, मावशी," म्हणाली,
आणि हसली.

जेवलीस? हो.
ते घरी आहेत? हो, हे काय, इथंच.
तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

पान सातवर पेपरवेट ठेवलंय.
अकराव्या ओळीत एका शब्दाची जागा कोरी,
पेन्सिलीनं बारीक फुली.
गणेशपेठच्या स्टँडवरून उमरेडची शेवटची गाडी
साडेनवाची, असली तर.

एक चप्पल सापडत नाहीये.