माशांचा गेम

कराडच्या स्टँडामागं, पंक्चरवाल्याच्या पलीकडं
इलाही मुजावरचा पत्र्याचा गाळा.
दाराला गोणपाट, आत दोन मशिनी.
एक कायमची बंद. तिच्यावर इलाहीचा जेवणाचा डबा.
दुसरीत माशा.

खरं नाव काचेवर इंग्रजीत होतं,
त्यातली निम्मी अक्षरं उडालेली.
आम्ही माशाच म्हणायचो.
वरून रांगेनं यायच्या, डुलत डुलत,
मग एखादी रांग सोडून अंगावर झेपावायची.
खाली आपलं एकच विमान,
त्याला फक्त डावं-उजवं ठाऊक.
मागं सरायची सोय नाही.

आठाण्यात तीन जीव.
मी आठवड्यातनं एकदा खेळायचो
आणि सहा दिवस दुसऱ्यांच्या खांद्यावरनं बघायचो.
पाटण गाडी लागली की मोठी पोरं
डाव अर्धा टाकून पळायची,
उरलेला जीव ज्याच्या हाताला लागेल त्याचा.
असे सतरा जीव मी वापरलेत. मोजून.

घरी शैला विचारायची, "आज कुठवर?"
तिला गोणपाटाच्या आत कोण सोडणार.
मी ताटात शेंगदाण्यांची रांग लावायचो:
ही अशी येते, इथनं वळते.
ती एक दाणा उचलून तोंडात टाकायची.
"मग वळायच्या आधीच मार की."

दिवाळीला मामानं डब्बा आणला.
पिवळी कॅसेट, वर छापलेलं: नव्याण्णव लाख गेम.
निघाले अकरा. तेच परत परत, नावं बदलून.
एकशे सतरा नंबरला माशा होत्या,
पण त्या ह्या नव्हत्या.
रांगेत चार कमी,
झेप घेताना अर्धी माशी गायब व्हायची,
आवाज म्हणजे शेजारच्यांचा कुकर.
त्यात आमचा टीव्ही काळा-पांढरा.

शैलाला काय त्याचं.
फरशीवर मांडी घालून, ओढणी कमरेला खोचून,
भाकरीनं टोकाला करपलेला अंगठा बटणावर.
"वरच्यांचा रंग कुठला रे?"
"हिरवा."
"आणि मधल्यांचा?"
"जांभळा. डोळे पिवळे."
खरं तर मलाच नीट माहीत नव्हतं.
इलाहीच्या पडद्यातला एक रंग गेलेला,
तिथं सगळंच निळसर दिसायचं.
पण तिनं विचारलं होतं.

डब्बा बंद झाला की स्कोर पुसायचा.
आणि सातला लाईट जायची.
कोयनेची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतनं
गुणगुणत पुढं जायची, लांब कुठंतरी,
आम्ही खाली अंधारात, अडॅप्टर हाताला गरम.
अशीच एकदा ती बावीस हजार सातशे चाळीसवर होती.
रडली नाही.
दूध डेअरीच्या कार्डामागं चाचपडत
पेन्सिलीनं आकडा लिहिला, एकावर एक चढलेला,
आणि खाली: माशा अजून शिल्लक.

पुढं इलाहीनं मशीन भंगारात घातलं.
आत उंदराचं बिऱ्हाड निघालं,
आणि दोऱ्याचं टोक बांधलेलं एक आठाण्याचं नाणं.
त्यानं माझ्याकडं बघितलं. बोलला काही नाही.
दोरा मात्र सोडवून घेतला, गुंडाळून खिशात ठेवला.

मागच्या मेमध्ये शैला इचलकरंजीहून आली.
तिच्या पोरानं मोबाइलवर तोच गेम काढला,
अस्सल, पहिल्या मशिनीसारखा,
एकही माशी कमी नाही, रंग जिथले तिथं.
वरच्या रांगा लालभडक.
शैलानं हात पुसले, चष्मा कपाळावर सरकवला.
"हा नव्हं," म्हणाली. "आपल्यातल्या हिरव्या होत्या."
पोरगा माझ्या तोंडाकडं बघायला लागला.
"हिरव्याच," मी म्हणालो. "डोळे पिवळे."

फोन काही तिनं हातात घेतला नाही.
पण एक माशी रांग सोडून निघाली
तेव्हा पदराआड तिचा अंगठा हलला,
ती वळायच्या आधी.