पान तिसरं

कामावर घेताना बाईंनी विचारलं, अनुभव?
मी म्हटलं, अकरा वर्षं. मेंढ्या कापायच्या कारखान्यात.
बाई हसल्या नाहीत.
लिहून घेतलं : वजन उचलू शकतो.

मग प्रथमोपचाराचे दोन दिवस,
हातपाय नसलेल्या रबरी माणसाची छाती दाबत.
मग पोलिसांचा दाखला, गाडीचा परवाना,
आणि माणूस उचलायची रीत :
गुडघे वाकवा, पाठ नाही,
उचलण्याआधी त्याला सांगा.
मेंढ्यांना आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या पानावर, काय करायचं नाही.
गोळी कुटायची नाही, हातावर ठेवायची नाही,
आठवण तेवढी करायची.
(डबी उघडून समोर धरली तर?
हे ऑफिसात कुणालाच नीट माहीत नव्हतं.)
पोटातल्या नळीला हात नाही.
नखं कापायची नाहीत, घासलेली चालतील.
झटका आला तर औषध द्यायचं नाही.
घड्याळ बघायचं.

फर्गस एकोणीस वर्षांचा. बोलत नाही.
डावा अंगठा मुठीत गेला म्हणजे नको.
जीभ टाळ्यावर वाजवली म्हणजे
दार उघड, वारा येऊ दे.
इन्व्हरकार्गिलचा हा दक्षिणवारा,
अख्खं गाव ज्याला शिव्या घालतं,
त्याला तो थेट तोंडावर हवा असतो.
हे कुठल्याच पानावर नव्हतं.
मला एक हिवाळा लागला.

त्याची आई शोना पहिल्याच महिन्यात म्हणाली,
नळीतून दूध सोडायला काय लागतं, इओसेफा?
माझी बारा वर्षांची भाची सोडते.
तिच्या डोळ्यांना तीन रात्रींची झोप नव्हती.
मी म्हटलं, मला येतं. रोज बघतो.
पण मी करणार नाही.
पुढचे चार दिवस ती माझ्याशी
"चहा तिथे आहे" एवढंच बोलली.

येतं, आणि करत नाही.
ह्या दोहोंमधल्या बोळात
मी तासावर पगार घेतो.

ऑगस्टातला गुरुवार. शोना कोपऱ्यावरच्या दुकानात,
दहा मिनिटांत येते म्हणून.
आधी अंगठा आत गेला,
मला वाटलं, नको म्हणतोय.
मग मान. मग सगळाच तो.
कुशीवर वळवला. डोक्याखाली माझी लोकरीची टोपी.
शोनाला फोन लावला, तो ओट्यावरच वाजला.
औषधाची पिचकारी फ्रिजवर, लाल टोपणाची,
चार पावलांवर.
एक मिनिट.
दोन. ओठांचा रंग गेला.
मी मोठ्याने मोजत होतो
आणि कधीतरी आकडे आईच्या भाषेत शिरले,
तासी, लुआ, तोलू,
सामोआतल्या घरी चटईवर शिकलेले.
तीन. ह्या हातांनी दिवसाला किती गळे,
आणि एक लाल टोपण.
चार. अँब्युलन्सचा नंबर टाकून ठेवलेला,
पाचाला दाबायचा.

चार मिनिटं चाळीस सेकंदांनी तो सैल झाला.
गालावर लाळ, घोरल्यासारखा श्वास,
आणि बऱ्याच वेळाने जिभेचा एक टक्.

शोनाने पिशव्या दारातच टाकल्या.
फ्रिजकडे पाहिलं. पिचकारी जागेवर.
मग माझ्याकडे पाहिलं.
काय पाहिलं, ते मी अजून ठरवलेलं नाही.
चहा मात्र तिनेच केला,
आणि साखर विसरली.

नोंदवहीत लिहिलं :
दोन वाजून दहा. चार मिनिटं चाळीस सेकंद.
औषध दिलं नाही.
"इतर"च्या रकान्यात अर्धी ओळ उरली होती,
तिथे लिहिलं : वारा दिला.

बुधवारी नर्स आली. पानं चाळली.
त्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली,
दिला म्हणजे? नक्की काय दिलं?

दार उघडलं, मी म्हटलं.
तेवढं चालतं ना?