हात सैल सोड

सेलूत, मोंढ्याकडं जाणाऱ्या गल्लीत
माझं बांगड्यांचं दुकान, दीड खणाचं.
दिवसाकाठी वीस-पंचवीस हात माझ्या मांडीवर येतात:
कापूस वेचून चिरलेले, पिठाचा वास असलेले,
नवरीचे, थरथरणारे.
हात बघून मी माप सांगते. दोन-चार. दोन-सहा.
आणि सगळ्यांना एकच म्हणते:
हात सैल सोड, बाई. ओढलास की काच फुटती.

घरचा हात मात्र मला वाचता आला नाही.

राजनंदिनी, सहा वर्षांची.
दहाही बोटं कुरतडलेली,
नखं इतकी मागं सरकलेली
की टोकं उघडी पडलेली, लालसर,
ओल्या भुईमुगाच्या दाण्यासारखी.

लिंबाचा पाला वाटून लावला.
चार दिवस तोंड वाकडं केलं, पाचव्या दिवशी म्हणाली,
"आता कडू लागत न्हाई."
शेजारच्या कौसल्याकाकू म्हणाल्या, मिरची लाव.
मिरचीचं बोट डोळ्यात गेलं.
त्या रात्री तिचे डोळे धुताना
मी माझ्याच हाताला शिव्या दिल्या.
चापट मारली तर ती
दुसऱ्या हाताचं नख चावायची, माझ्याकडं बघत,
जणू माफीही तिथूनच मागायची होती.

नवरा म्हणाला, "सुटंल आपोआप. मी बी खायचो."
मी त्याची नखं बघितली. सुटलं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक पांगल्यावर
ती खोक्यातल्या बांगड्या मोजत बसली होती.
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस,
आणि बोट तोंडात.
मी गप्प राहिले.
अडतीस. बोट तोंडात.
अठ्ठेचाळीस.
म्हणजे एकोण आला की.
शाळेत बाई उभं करतात म्हणे,
आणि एकोणपाशी सगळा वर्ग हसतो.
तीस यायच्या आधीच तिसाचं नाव घ्यायचं,
जे अजून आलंच नाही त्यातून एक कमी करायचा;
एवढ्याशा जिवाला कसं कळावं
की आपल्या भाषेत
पुढचं ओझं आधीच मोजून ठेवलेलं असतं?

मी शटर अर्धं ओढलं.
तिला समोर पाटावर बसवलं, गिऱ्हाइकासारखं.
"हात दे." तिनं मूठ वळली.
"नखं बघत न्हाई. माप बघतीय."
खोबरेल चोळलं. अंगठ्याच्या बुडाशी,
सगळ्यांचं भय जिथं बसतं तिथं,
हळू दाबत राहिले.
मग एकेक बांगडी चढवत दोघींनी मोजलं,
एक हात कोपरापर्यंत भरला, मग दुसरा.
अठ्ठावीस म्हणून ती अडली. हात ओढू लागला.
"थांबू दे की," मी म्हणाले. "दुकान आपलंच हाय."
ती थांबली. मी थांबले.
कोपऱ्यावरच्या रसवंतीची घुंगरं तेवढी वाजत राहिली.

"एकोणतीस," ती शेवटी म्हणाली.
आणि माझ्या तोंडाकडं बघत, "आई, तू पण खातीस."
"काय?"
"ओठ. बांगडी अडकली की."

बारा वर्षं दुकान चालवतेय. कुणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून आमचा करार आहे.
ती माझा ओठ बघते, मी तिचं बोट.
रागवायचं नाही. नुसतं म्हणायचं: सैल.
रात्री लाईट गेली की अंधारात
दोन्हीकडून ऐकू येतं, सैल, सैल,
आणि तिचा बाप कूस बदलून विचारतो,
"काय चाललंय गं तुमचं?"

सुटलंय असं म्हणणार नाही.
परीक्षेच्या आठवड्यात डाव्या हाताची तीन गेली.
पण काल मोबाईल काढून घेताना
तिनं माझं मनगट ओरबाडलं.
बारीक पांढरी रेघ, मग लाल.
ती घाबरून बघत राहिली.
मी मात्र दिवसभर बांगड्या मागं सारून
येईल त्या बाईला दाखवत होते:
बघा. नख.