उजवी कड

दीपेश झोपे, आयटीआयचा, पेनड्राइव्ह लावत म्हणाला,
"काका, चोरीचं आता चालू होत नाही, विकतचं परवडत नाही.
हे घ्या. मुक्त आहे."
फुकट म्हण ना, मी म्हणालो.
"फुकटही आहे. पण मुक्त वेगळं."
आणि गेला बामणोदला भरीत खायला.
समजावायचं राहिलंच.

माझ्याकडे बावीस वर्षांची लग्नं.
सावदा, फैजपूर, चिनावल, निंभोरा,
एकदा थेट बऱ्हाणपूर.
चार हार्ड डिस्क, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात डीव्हीडी,
आणि फोल्डर: नवीन, नवीन दोन,
फेगडे फायनल, फेगडे फायनल खरं,
हे उडवू नये.

डिजिकॅम रात्रभर गिळत बसलं.
सकाळी सांगतं, एक जानेवारी दोन हजार तीनला
तुमच्याकडे सदतीस लग्नं लागली.
कॅमेऱ्याच्या घड्याळाची बॅटरी मेलेली,
शर्टाच्या गुंडीएवढी,
मी कधी बदललीच नाही.
मग माळ्यावरून पत्रिका काढल्या, एकेका लग्नाची वेळ सरकवली.
वैशाख वैशाखात गेला,
तुळशीनंतरची तुळशीनंतर.

मग चेहरे.
प्रत्येकाभोवती चौकोन आणि खाली प्रश्न: हे कोण?
मी लिहीत गेलो.
पुंडलिक आचारी, बट्ट्या तळताना.
दोन भटजी, एकमेकांशी न बोलणारे.
हेमांगी वारके: करवली, मग नवरी,
मग करवल्यांवर ओरडणारी मावशी.
भारंब्यांच्या जुळ्या मुली त्यानं एकच धरल्या.
फोन करून त्यांच्या आईला विचारलं, हिरव्या साडीतली कोणती?
तीही जरा थांबली.

सुभान तडवीचा एकही चौकोन नाही.

सोळा वर्षं त्यानं माझा लाइट धरला.
हजार वॅटचा, डोक्याच्याही वर,
मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात,
हा हात भाजला की त्या हातात.
मी एवढंच म्हणायचो,
"भो, मागं सरक, फ्रेममधी येऊन राह्यला."
आणि यायचाच तो,
कोपर, बाही, अर्धा कान.
मी दुकानात येऊन कापायचो.
बहुतेक उजवी कड.

परवा त्याची मुलगी आली, शबनूर.
चाळिसाव्याला मोठा करून लावायला
एक फोटो हवा म्हणाली.
आधारवरचा आहे,
पण त्यात अब्बा घाबरलेले आहेत.

डब्याचं झाकण गंजलेलं, पेचकसानं उचकलं.
निंभोऱ्याचं एक लग्न डार्कटेबलमध्ये उघडलं
आणि काय सांगू,
हात सवयीनं उजवी कड कापून मोकळा झाला.

पण हे कापत नाही.
मूळ फाइलला बोटही न लावता
शेजारी चिठ्ठी लिहून ठेवतं:
इथपर्यंत दाखव, एवढं उजळ कर.
मी चिठ्ठीतली एक ओळ मागे घेतली.

उभा होता.
अख्खा.
नवरानवरीकडे पाहत नव्हता,
मांडवाच्या दोरीवर बसलेल्या कशाकडे तरी बघून हसत होता,
केसांत अक्षता.
त्याचाच लाइट, पण त्याच्यावर पडलेला नव्हता.
सावल्या वर ओढल्या, थोड्या, आणखी थोड्या.
चेहरा आला तसा रवाही आला,
पिठात कोंडा राहावा तसा.
घासून गुळगुळीत करता येतो.
नाही केला.

हे कोण?
लिहिलं.
दुसरी डीव्हीडी घातली, तिला बुरशी.
तिसरी चालली.
तिथं त्यानंच विचारलं: सुभान तडवी?
मी हो म्हणालो.
पुढच्या फोटोतही विचारलं, तो शेवयांचा आहेर होता.

शबनूर संध्याकाळी आली.
फोटो बराच वेळ हातात धरून म्हणाली, किती झाले?
दीपेशचं ते वाक्य तोंडात आलं होतं,
पण ते मला अजून
नीट समजलेलं नाही.