रात्रपाळी

वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ.
माझ्या तक्त्यात एकेका तासाला एकेक ओळ.
ताट वाढावं तसा मी देश वाढून ठेवलाय:
वारा भातासारखा मधोमध,
ऊन, अणुभट्टी, समुद्राखालून येणारी केबल,
आणि गॅस मिठाएवढा, डाव्या कोपऱ्यात.

तरी जानेवारीतल्या एका आठवड्यात
चौकटी लाल होतात.
वारा पडलेला, धुकं शेताला चिकटलेलं,
चारलाच अंधार, आणि घराघरांत एकदम
हीट पंप, किटल्या, गाड्यांचे चार्जर.
मी बॅटऱ्या वाढवते. लाल.
आणखी वाढवते. फिकट लाल.
साहेब म्हणतात, सरासरी बघ, सरासरी हिरवी आहे.
सरासरीने कुणाचे पाय गरम होत नाहीत.

ट्रेंटच्या काठी, लिंकनशायरमधल्या एका गावात,
चर्चमागच्या हॉलमध्ये नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चार कप.
तुटक रेघ: नवे मनोरे इथून जातील.
रेघ बेरिल ओझगर्बीच्या गोठ्यावरून जाते
हे मला तिनेच दाखवलं.
बोट ओलं होतं, डाग राहिला.
"लंडनहून नसेल दिसत," ती म्हणाली.
आपल्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.
मी ते तिला उलगडून सांगितलं नाही.
शेळ्या कुठल्या ते ठरवता आलं नसतं,
उंट तर मीच होते.

मागच्या रांगेतून विल्फ ड्रिंग उठला.
एकेचाळीस वर्षं टर्बाइन हॉलमध्ये, एक कान कामातून गेलेला.
खिडकीतून मोकळं आभाळ दाखवलं,
जिथे आठ कूलिंग टॉवर होते.
"पाडले त्या सकाळी कुत्रा पलंगाखाली शिरला,
अजून बाहेर निघताना आधी तिकडे बघतो."
मग म्हणाला,
"तुझ्या त्या लाल आठवड्यात, पोरी,
रात्रपाळीला कोण आहे?"

तक्त्यात तो रकानाच नव्हता.

मी बोलत सुटले: साठवण, मागणी वळवणं,
संगणक आपोआप काय काय करेल.
तो चांगला कान पुढे करून ऐकत राहिला,
आणि कोटाच्या खिशातून एक वही काढली.
पेन्सिलीचं अक्षर. जानेवारी, सत्त्याऐंशी.
"कोळशाचा ढीग गोठला. पहारी मागवल्या.
चौदा माणसं. पहाटे पाचला पट्टा सुरू."
खाली दुसऱ्याच हाताने: "चहा संपला."

कोळसाही गोठतो.
आणि मी वाढले दीपनगरच्या वसाहतीत,
जिथे दोरीवरच्या शाळेच्या शर्टावर
राखेचे ठिपके पडत,
केळीच्या पानावर बोटाने नाव लिहिता यायचं
आणि मी ते रोज लिहायची, ऱ्हस्व-दीर्घासकट.
बाबा रात्रपाळीला जात.
सकाळी त्यांचा खोकला आधी यायचा,
मग ते.
घरातला दिवा कधी गेला नाही,
म्हणून तो कुणामुळे राहतो हे विचारायचं राहून गेलं.
ती राख परत नको मला.
विल्फलाही नको होती; तो म्हणाला,
"टॉवरसाठी मी रडलो नाही. कुत्र्याचं काय ते वेगळं."

रेघ हलवते, असं मी म्हटलं नाही.
हलवता येते का बघते, म्हटलं.
बेरिलने दोन्हींतला फरक ओळखला
आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं.

रात्री गेस्ट हाऊसच्या थंड खोलीत
तक्त्याला एक रकाना जोडला.
आठ हजार सातशे साठ रिकाम्या चौकटी.
पहिल्या लाल ओळीसमोर कर्सर ठेवून
बराच वेळ बसले.
मग लिहिलं:
पहारी नकोत, पण काय हवं ते शोधणे.
चहा.
माणसं. किती, ते विल्फला विचारणे.